क्ष काढायचा कशाला?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे चिटणीस माननीय राधाकृष्ण कडू पाटील, जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे आढाव साहेब, आमचे मुख्याध्यापक, तसेच ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, आदरणीय रंगनाथ देवचक्के सर, आजच्या मानात ज्यांचा अर्धा वाटा आहे त्या सौ. मालनबाई, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या माई. माझे सहकारी शिक्षक. कोल्हारपासून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून उन्हातान्हाचे चालत आलेले पालक. आणि माझ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

मी मच्छिंद्र लोंढे. आठवी-नववीला गणित आणि शास्त्र शिकवतो. सोमवारपासून अकरावीचं गणितही माझ्याकडे येणार आहे, कारण सर आज सेवानिवृत्त होत आहेत. माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी सरांचा गौरव फार सुंदर शब्दांत केला. माझ्यापाशी तसे शब्द नाहीत. आणि आधीच सांगून टाकतो, मला भीती वाटते आहे.  

व्यासपीठावर उभं राहायची भीती मला नेहमीचीच. शिक्षक दिनाला दोन शब्द बोलायचे म्हटलं तरी मी आदल्या दिवसापासून पाठ करत बसतो. पण आजची भीती निराळी आहे. ती माझ्या एकट्याची नाही. मघाशी शाल पांघरताना सरांचं लक्ष कुठं होतं, तुम्ही पाहिलंत का? शालीकडे नव्हतं, नारळाकडे नव्हतं, अध्यक्षांकडेसुद्धा नव्हतं. ते दाराकडे होतं. कुणाला वाटलं असेल, म्हातारा माणूस आहे, कंटाळला असेल. नाही मंडळी. सर नगरहून येणाऱ्या एस. टी. ची वाट बघताहेत. मीही बघतोय. ती यायची वेळ केव्हाच होऊन गेली आहे.

त्या गाडीनं आपल्या अकरावीतली दया शिरसाठ आणि तिची आई लिडियाबाई परत यायच्या आहेत. भर सभेत बायामाणसांची नावं घेतो म्हणून कुणी भुवया उंचावू नका. काल संध्याकाळी लिडियाबाईंनीच मला हाक मारून सांगितलं, "मास्तर, उद्या बोलाल तवा नाव घेऊनच बोला. आमी लपिवलं, आन् घरधनी हातचा गेला. आता लपवायचं न्हाई." त्या नगरला कशाला गेल्या, ते सांगतो. पण सरांविषयी बोलल्याशिवाय ते सांगता यायचं नाही. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, एवढं आधीच कबूल करतो.

सर तुम्हां सगळ्यांना माहीत आहेत. कोटाच्या एका खिशात तपकिरीची डबी, दुसऱ्या खिशात खडूचे तुकडे, आणि घाईच्या वेळी हात हमखास भलत्या खिशात. खडूची पूड ओढून शिंकणारा गणिताचा शिक्षक अख्ख्या जिल्ह्यात आपल्याच शाळेला लाभला. राग नाकाच्या शेंड्यावर. घंटा उशिरा झाली तर राग, फळा ओला राहिला तर राग, स्टाफरूममध्ये कुणी मोठ्यानं चहा ओढला तरी राग. मी नवा होतो तेव्हा त्यांना पाहिलं की बाजूच्या वर्गात शिरायचो.

पण एका गोष्टीवर हा माणूस कधी रागावला नाही. ती म्हणजे मुलाच्या वहीतली चूक. तुम्ही-आम्ही चुकलेल्या गणितावर तांबडी फुली मारतो. सरांनी ती कधी मारली नाही. ते मुलाला टेबलाजवळ बोलवायचे, वही त्याच्यापुढे सरकवायचे आणि विचारायचे, "भ्यालास कुठं?" मूल म्हणायचं, "सर, चुकलो." सर म्हणायचे, "चुकलास ते मला दिसतंय. भ्यालास कुठं, तेवढं सांग." आणि नवल असं की मुलाला ते ठिकाण सापडायचं! बोट एकेका ओळीवरून खाली जायचं आणि मधेच थांबायचं. "हितं, सर. हितं वजाचं चिन्ह आलं." कुणाचं बोट अपूर्णांकापाशी थांबायचं, कुणाचं भागाकारातल्या शून्यापाशी. एकदा एका मुलानं बोट ठेवलं आणि मान खाली घालून सांगितलं, "हितं, सर. हितं तुमी मागं येऊन हुबं राहिलात." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यानंतर मुलं गणित सोडवत असताना सर कुणाच्या पाठीमागं जाऊन उभे राहिलेले मी पाहिले नाहीत.

आता थोडं माझ्याविषयी, म्हणजे माझ्या विद्वत्तेविषयी. ती थोडी आहे, लवकर आटपेल. दोन वर्षांपूर्वी मी एम. एड. करत होतो. प्रबंधाचा विषय होता, माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर परिणाम करणारे घटक. संपादणूक म्हणजे साध्या भाषेत, मुलाला गणित किती येतं. मी सायकलवर गावोगाव हिंडलो. वडील किती शिकलेत, घरात कंदील आहे की वीज, शाळा किती लांब, घरी गुरं राखावी लागतात का, मुलगी असेल तर धाकटी भावंडं सांभाळते का, गणिताचा शिक्षक पदवीधर आहे का, सगळं विचारलं. विजेचा दिवा असलेल्या घरातली मुलंही नापास होतात, आणि बांधावर बसून अभ्यास करणारी पास होतात, हे पाहून माझा गोंधळ उडाला. तरी प्रबंध झाला. छान बांधून घेतला आणि मोठ्या अभिमानानं सरांपुढे ठेवला.

सरांनी पानं चाळली. विचारलं, "लोंढे, यात भीती कुठाय?"

मी म्हणालो, "सर, भीती मोजायची कशी?"

सर म्हणाले, "मला काय विचारता? एम. एड. तुम्ही करताय." आणि तपकीर ओढली. नशिबानं त्या वेळी खिसा बरोबर निघाला.

तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. आज हसू येत नाही, कारण मधल्या काळात मला दयाचं कळलं.

दयाचे वडील इसहाक शिरसाठ. गवंडी होते. आपल्या शाळेच्या दक्षिणेकडच्या दोन खोल्यांचं बांधकाम त्यांच्या हातचं. दया सातवीत असताना ते गेले. छातीचा आजार होता. मग लिडियाबाईंनी मजुरी धरली, आणि गेल्या पावसाळ्यानं दगा दिल्यापासून त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडतात. सुट्टीच्या दिवशी दयाही जाते. आपल्यापैकी कितीतरी घरं यंदा त्याच कामावर आहेत, तेव्हा ते काय असतं हे मी सांगायला नको.

ही मुलगी आठवीत माझ्या वर्गात आली. अंकगणितात वर्गात पहिली. तोंडी हिशेब असा करायची की माझा खडू मागं राहायचा. भूमितीची प्रमेयं पाठ. आणि बीजगणिताचा पेपर पाहावा तर कोरा! अगदी कोरा म्हणता येणार नाही. प्रत्येक उदाहरणाखाली एकच शब्द असायचा, सुवाच्य अक्षरात. "समजा". आपल्या पुस्तकात उदाहरण सुरू होतं ते असं, समजा, मुलाचं वय क्ष वर्षं आहे. ही मुलगी "समजा" लिहायची आणि तिथंच थांबायची. पानंच्या पानं "समजा, समजा". काय समजायचं, ते काही पुढं येत नव्हतं.

आठवी, नववी, दहावी. अंकगणित आणि भूमितीनं ती कशीबशी वर चढत राहिली. माझ्या प्रबंधाप्रमाणे तिचं नापास होणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. वडील नाहीत, आई निरक्षर, घरात उजेडाला रॉकेलची एक चिमणी, हातात हातोडा. सगळे घटक एका बाजूला. पण मग अंकगणित? तेच घर, तीच चिमणी, तीच आई, आणि तिथं मुलगी पहिली! हे मला सुटेना. कुणी म्हणालं हट्टी आहे, कुणी म्हणालं मनात नाही तिच्या. यंदा अकरावी, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. बोर्डात बीजगणिताचा पेपर वेगळा. त्यात गेली की सगळीच गेली. पास झाली तर नर्सिंगला जायचं तिच्या मनात आहे. नापास झाली तर रस्त्याचं काम आहेच, आणि मामानं शेवगावकडचं स्थळ बघून ठेवलं आहे.

पूर्वपरीक्षेत तिनं पुन्हा तेच केलं. सरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. मी शेजारी पेपर तपासत होतो. सरांनी तिची उत्तरपत्रिका पुढं सरकवली. "भ्यालीस कुठं?"

तिनं बोट ठेवलं. "समजा" या शब्दाच्या पुढं, कोऱ्या जागेवर.

सर म्हणाले, "इथं तर काहीच नाही."

"हितं ते अक्षर यायचं हुतं, सर."

"मग लिही ते."

"न्हाई, सर."

मंडळी, मी कपाळावर हात मारून घेतला. सर मात्र शांतपणे म्हणाले, "बरं, क्ष नको. त्याच्या जागी म घे." आणि पोरीनं ते उदाहरण माझ्यासमोर सोडवलं! मग दुसरं, मग तिसरं. घोडागाडीचं, हौदाचं, बापलेकांच्या वयाचं. तिला बीजगणित येत होतं. पहिल्यापासून येत होतं. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "सुटलो सर! पेपरात लिहू दे की म."

सरांनी मान हलवली. "प्रश्नातच क्ष छापलेला असणार, लोंढे. ही पोर उत्तरापर्यंत पोचणारच नाही. प्रश्न वाचतानाच डोळे मिटून घेईल." आणि तिच्याकडे वळून विचारलं, "त्या अक्षरानं तुझं काय केलंय?"

त्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सर रोज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसायचे, आणि ती येऊन खांबाला टेकून उभी राहायची. शेवटी एकदा बोलली.

नगरच्या दवाखान्यात बापाला घेऊन आईबरोबर ती गेली होती. आईबापांना अक्षरओळख नाही. एका बंद दारावर पाटी होती. इसहाकनं विचारलं, "काय लिव्हलंय गं दया त्या दारावर?" आणि तिनं मोठ्यानं वाचलं, "क्ष-किरण विभाग." वर्गात सगळ्यांत चांगलं वाचणारी मुलगी होती ती. बाप त्या दारातून आत गेला. फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून पाहिला आणि आईला सांगितलं, फार उशीर केलात.

ती सरांना काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत सांगतो. "सर, फोटू काढायच्या आदी बाबा चालत हुते. स्टँडपासनं दवाखान्यापत्तर चालतच गेल्ते. फोटू काढला आन् घरी येऊन जे आडवे पडले ते उठलेच न्हाईत. आतलं दिसत नव्हतं तवर बरं हुतं. दारावरचं मीच वाचलं, सर. आता तुमी रोज म्हनता, क्ष काढा, क्ष काढा. जे म्हाईत न्हाई, ते काढायचं कशाला?"

सांगा मंडळी, काय उत्तर आहे? मी बी. एससी. आहे, पुढचीही पदवी आहे.  तरी मला तिचं पटलं! आपण दुसरं काय करतो? छातीत दुखतं तो माणूस डॉक्टरच्या घरावरून जाताना मान वळवून जातो. ज्या मुलाला निकाल ठाऊक असतो, तो निकालाच्या दिवशी शाळेत येत नाही. यंदा मार्गशीर्षात आपापल्या विहिरीत वाकून तळ बघायला आपल्यातले कितीजण धजावले? मी तर आमच्या विहिरीकडची वाटच सोडली होती. वडील रोज विचारायचे, पाणी किती आहे रे, आणि मी म्हणायचो, आहे, आहे.

 सरांनी खिशातून खडू काढला आणि व्हरांड्याच्या फरशीवर लिहिलं, क्ष अधिक सात बरोबर बारा. दया दोन पावलं मागं सरली. सर म्हणाले, "तू याला हात लावू नकोस. नुसतं सांग. हे सोडवलं तर क्ष किती येईल?"

ती खाली न बघता म्हणाली, "पाच."

"आणि न सोडवताच तू घरी गेलीस तर? पाटीदप्तर विहिरीत टाकून दिलंस तर? मग क्ष किती?"

 सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं वर्गात गेली. शिपाई आमच्याकडे बघून गेला. सर जागचे हलले नाहीत, आणि घंटेला उशीर चालवून न घेणारा माणूस हा! मग ती अगदी हळू म्हणाली, "तरी पाचच, सर."

"तू काढलास म्हणून तो पाच झाला का?"

"न्हाई."

"आधीपासून पाचच होता?"

"व्हय, सर."

"तुझ्या बाबांचंही तसंच गं. फोटोनं काही केलं नाही. आणि तू वाचलंस म्हणूनही काही झालं नाही."

ती रडली. कोरड्या डोळ्यांनी राहिलेली मुलगी इतक्या वर्षांनी खांबाला धरून रडली. मला वाटलं, झालं, गाठ सुटली. आता पोर पेपर लिहील. आणि तेवढ्यात तिनं ओढणीनं डोळे पुसले. म्हणाली, "सर, आई खोकती."

दिवाळीपासून खोकत होती. कामावर सरकारी डॉक्टर येऊन गेले होते, त्यांनी दयाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आईचा फोटो काढून आण. आणि दयानं ते आईला सांगितलंच नव्हतं. घरात दोघी रोज एकमेकींना सांगत होत्या की हा खडीचा फुफाटा आहे. सांगत होत्या आणि झोपत होत्या. आणि इकडे आम्ही मास्तर लोक स्टाफरूममध्ये बसून म्हणत होतो, ही मुलगी "समजा"च्या पुढं का जात नाही?

त्याच दिवशी सर आणि माई शिरसाठांच्या घरी गेले. लिडियाबाई ऐकेनात. "फुफाटा हाय त्यो. चार दिस काम बंद क्येलं की जाईल." सरांनी समजावलं, माईंनी समजावलं. चर्चचे पाळकबाबा येऊन गेले. शेवटी दयाच आईसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, जे हाय ते हायच. आपुन बघितलं न्हाई तरी हायच." त्यावर त्या माउलीनं चुलीतला जाळ मागं ओढला, असं माई सांगतात. आणि मग कबूल झाली. आज पहाटेच्या गाडीनं दोघी नगरला गेल्या. माई बरोबर निघाल्या होत्या, पण लिडियाबाईंनी त्यांना बळंच मागं ठेवलं. आज तुमच्या मालकांचा मान आहे, तुमी हितंच पायजे, म्हणाल्या.

आता मला भीती कशाची वाटते, ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

काल सर मला म्हणाले, "लोंढे, वाईट निघालं तर? पोर म्हणेल, बघा, बाबांच्या वेळी हेच झालं, आणि आता तुमचं ऐकून पुन्हा केलं तर पुन्हा तेच झालं. मग ती क्ष कधीच लिहिणार नाही. परीक्षा तोंडावर आली, आणि मी निघालो. मी घाई केली का हो?" इतक्या वर्षांत सरांनी मला एखादा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं, असं काल पहिल्यांदा झालं.  रात्रभर मला वर्गातलं तिचं बाक दिसत होतं. बोर्डाचा पेपर, त्यावर क्ष, आणि त्याखाली पुन्हा ते "समजा".

अध्यक्ष महाराज, तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. एवढं संपवतोच. सरांच्या...

थांबा. हॉर्न वाजला का?

एस. टी. च आहे. फाट्यावर थांबली. सर, बसा. सर, तुम्ही बसा, त्या इकडेच येतील. मुलांनो, कुणी उठायचं नाही, दार मोकळं ठेवा. माई, सरांना जरा पाणी द्या.

पाटील, आणखी थोडा वेळ मागतो. फाट्यावरून शाळेपर्यंत यायला जो वेळ लागतो, तेवढाच. तोवर मी रीतीप्रमाणे दोन शब्द बोलावेत... सरांना आणि माईंना दीर्घायुष्य लाभो. त्यांचं पुढचं आयुष्य सुखासमाधानाचं जावो. नेवाशाला त्यांचं घर आहे, तिथं... मला पुढचं आठवत नाही. मी लिहून आणलं होतं. कागद हातात आहे, पण वाचता येत नाही. माफ करा.

आल्या.

लिडियाबाई बाहेर ओट्यावरच बसताहेत. आत या की. काय म्हणताय? बरं, बरं. डॉक्टरांनी सांगितलंय, गर्दीत बसायचं नाही. मग तिथंच बसा, तिथं वारा आहे.

दया, तू ये. पुढं ये. वाट द्या तिला.

मंडळी, तिच्या हातात ते मोठं पाकीट आहे. ती ते सरांकडे देते आहे. ती काय बोलली, ते मागं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. ती म्हणाली, "सर, निघालं. डाग हाय."

शांत राहा. कृपा करून शांत राहा. मागे कुजबूज नको, ती इथंच उभी आहे आणि तिला ऐकू येतं. दया, डॉक्टर आणखी काय म्हणाले? मोठ्यानं सांग, घाबरू नकोस. बरं. ती म्हणते, डॉक्टर म्हणाले, या वेळी लवकर आलात. सुया घ्याव्या लागतील, गोळ्या घ्याव्या लागतील, वर्षभर किंवा जास्त. खडीचं काम बंद. बरी होईल म्हणाले का? होईल म्हणाले. पण एक दिवसही खाडा करायचा नाही, म्हणाले.

आता ती सरांना काहीतरी विचारते आहे. "सर, आता फुडं काय लिहायचं?"

मंडळी, सरांकडे बघा. ते पाकीट त्यांनी उलटं धरलं आहे, आणि तपकिरीसाठी खिसा चाचपताहेत, आणि तोही चुकीचा. असू द्या. सरांनी आजवर पुष्कळ उत्तरं दिली. आजचं मी देतो, कारण सोमवारपासून हे काम माझंच आहे.

दया, पुढं असं लिहायचं. रोज सकाळी सुईसाठी आईला घेऊन इथल्या दवाखान्यात जायचं आणि तिथून परस्पर शाळेत यायचं. उशीर झाला तरी वर्गाचं दार उघडं असेल. सोमवारी पहिला तास बीजगणिताचा. मला अकरावीला शिकवायची धास्ती वाटते आणि तुला त्या अक्षराची. दोघंही भीतभीतच बसू. तू "समजा" लिही, मी फळ्यावर पुढचं अक्षर लिहितो, आणि मग तू लिही. एका तासात नाही जमलं तर दुसऱ्या तासाला. आईच्या कामाचं काय करायचं ते मुख्याध्यापक आणि पाटील आज इथं बसलेच आहेत, त्यांच्याशी मी बोलतो. ते नाही म्हणणार नाहीत. एवढ्या लोकांसमोर तर नाहीच म्हणणार.

अध्यक्ष महाराज, मी पाच मिनिटांची किती मिनिटं केली, ते मी विचारत नाही. तुम्ही मला मधे थांबवलं नाहीत, याबद्दल तुमचा ऋणी आहे. आढाव साहेब एवढ्या लांबून आले आणि त्यांना माझंच भाषण जास्त ऐकावं लागलं, त्यांनी ते गोड मानून घ्यावं. माई, सरांना इतकी वर्षं तुम्ही आमच्यात सोडलंत, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? सर, तुमच्याविषयी जे बोलायचं म्हणून मी उभा राहिलो, ते राहूनच गेलं. तुम्ही समजून घ्याल. बोलण्याच्या भरात कमी-जास्त शब्द गेला असेल, कुणाच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली असं कुणाला वाटलं असेल, तर सगळ्यांनी मला मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.

आता चहापान आहे. इथून मला सगळा हॉल दिसतो. दाराजवळची सतरंजी मघापासून मोकळी झाली आहे, तिथली मंडळी भिंतीकडे सरकली आहेत, आणि लिडियाबाई बाहेर ओट्यावर तोंडाला पदर लावून एकट्याच बसल्या आहेत. मी कुणाला नावं ठेवत नाही. खोटं कशाला बोलू, भीती मलाही वाटते. मी तिथं त्यांच्याजवळ जाऊन बसतो. माझा चहा तिकडेच पाठवा.